वगळलेले शरीर

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्य विम्यातून काय काय वगळता येईल याची एकसारखी यादी ठरवून दिली. कंपनी कोणतीही असो, मजकूर तोच. त्या यादीत सातव्या क्रमांकाच्या कोडखाली लिंगबदलाचे सगळे उपचार येतात, शस्त्रक्रियेसकट. लगेच पुढचा कोड सौंदर्य शस्त्रक्रियांचा.

हा कोड मी नीट वाचला तो एका धाकट्या स्नेह्यामुळे. तो ट्रान्स पुरुष आहे. आधारवर ‘पुरुष’ अशीच नोंद. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी झाल्या, रक्तस्राव थांबेना, डॉक्टरांनी गर्भाशय काढायला सांगितले. कॅशलेससाठी कागद गेले तेव्हा विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएने विचारले, विमाधारक पुरुष आहे, मग हे ऑपरेशन कसले? खुलासा पाठवला तर उत्तर आले की हे लिंगबदलाचे उपचार आहेत, सबब क्लेम नामंजूर. सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत जोडलेला होता. त्याच्या आईने एफडी मोडली. “अहो, पोराच्या पोटात गाठी आहेत, यात बदलायचंय काय?” एवढेच त्या फोनवर पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. ज्याला विचारत होत्या, त्याच्याकडे फक्त कोड होता.

त्याच २०१९ च्या डिसेंबरमध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याचे कलम १५ सरकारला सांगते, की लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन, लेझर या सगळ्यांचा खर्च सर्वसमावेशक विम्यात यावा. आणि कलम ७ म्हणते, कागदोपत्री स्त्री किंवा पुरुष व्हायचे असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचा रुग्णालयाचा दाखला आणा. मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. एका टेबलावर शस्त्रक्रियेचा पुरावा मागायचा आणि दुसऱ्या टेबलावर तिचा खर्च नाकारायचा. मधल्या मध्ये माणसाने काय करावे? अनेक जण उधार-उसनवारी करतात, काही जण स्वस्तातल्या, धोकादायक हातांत जातात.

लिंगबदलाचे उपचार ही हौस नाही, हे जगभरच्या वैद्यकाने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात लिंगविसंगतीचा विषय मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. यादीतून पुसून मात्र टाकला नाही, कारण पुसला तर उपचार आणि विमा दोन्ही बंद झाले असते. शिवाय गरज शस्त्रक्रियेपाशी संपत नाही: बीजकोष किंवा वृषणे काढलेल्या माणसाला हाडे टिकवण्यासाठीसुद्धा पुढे हार्मोन घ्यावेच लागतात.

केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींना वर्षाला ५ लाखांचे संरक्षण जाहीर केले, त्यात या शस्त्रक्रियाही धरल्या. चांगलेच झाले. पण कार्डावर रक्कम असणे वेगळे आणि ते ऑपरेशन करणारे रुग्णालय आपल्या जिल्ह्यात असणे वेगळे. शिवाय पदरचा हप्ता भरून खासगी पॉलिसी घेणाऱ्याला सरकारी योजनेकडे बोट का दाखवावे? काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या गटविम्यात हा खर्च घेतला आहे, म्हणजे हिशेब जमत नाही ही सबबही उरत नाही.

नियामकाने हा कोड यादीतून काढावा. तोवर कुणाचा क्लेम असा फेटाळला गेला तर नकार लेखी घ्या, कलम १५ चा उल्लेख करून कंपनीकडे तक्रार करा, तरी दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही.