सव्वीस आपटांचा लॅपटॉप

“काही होत नाही गं याला, मिलिटरी ग्रेडचा आहे.” गेल्या वर्षी हे वाक्य मीच म्हणालो होतो. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात समोर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली एक मुलगी उभी होती, महाप्याच्या एका कंपनीत नुकतीच लागलेली. कंपन्यांनी वापरून काढलेला एक पातळ बिझनेस लॅपटॉप तिने घेतला होता, तोही वडिलांनी वाशीच्या मार्केटात पोती वाहून जमवलेल्या पैशांतून. “काका, पंखा जरा जास्तच वाजतो,” एवढीच तिची तक्रार. मी बाहेरून जाळी ब्रशने साफ केली आणि वरचं वाक्य बोलून तिला पाठवलं. तळाचं झाकण उघडलं नाही.

यंदा ऑगस्टमध्ये ती परत आली. लॅपटॉप सुरूच होत नव्हता. बाहेर एक ओरखडा नाही, बिजागरी नव्यासारखी. झाकण काढलं तर मेमरीच्या चिपांभोवती हिरवट-पांढरा गंज. संपादकांनी ‘पातळ पण दणकट लॅपटॉप घ्यावा का?’ यावर लिहायला सांगितलं, तेव्हा तोच बोर्ड माझ्या टेबलावर होता.

आधी या ‘मिलिटरी ग्रेड’बद्दल. हे समजावून सांगताना माझी दुकानात बरीच वर्षं गेली आहेत, तरी पुन्हा सांगतो. मिल-स्टँडर्ड ८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचण्यांचं पुस्तक आहे. पहिलं १९६२चं, त्याची ‘एच’ आवृत्ती २०१९ची. पडणं, थरथर, ऊन, गारठा, धूळ, दमटपणा, खारं धुकं, प्रत्येकाची चाचणी वेगळी. त्यातल्या कोणत्या घ्यायच्या हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. लष्कर बाजारातल्या लॅपटॉपवर कसलाही शिक्का मारत नाही. कंपनी स्वतः तपासते किंवा प्रयोगशाळेकडून तपासून घेते. निवडक चाचण्या पार केल्या तरी जाहिरातीत त्या पुस्तकाचंच नाव येतं.

पडण्याची चाचणी घ्या. चौकोनी वस्तूला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, मिळून सव्वीस. प्रत्येकावर एकदा, १२२ सेंटीमीटरवरून. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण खाली काँक्रीटवर दोन इंची प्लायवूड ठेवलेलं असू शकतं आणि हे सव्वीस आपट पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. एकाच्या वाट्याला पाच-सहा येतात. स्टेशनच्या फलाटावरची फरशी प्लायवूडपेक्षा कितीतरी कठीण असते. ही चाचणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. तिचा अर्थ खोक्यावर जेवढा वाटतो तेवढा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

दमटपणाची चाचणीही खडतरच आहे. रोज ३० ते ६० अंशांचा चढउतार, ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अशी दहा दिवस. आपल्याकडचा लॅपटॉप मात्र वेगळ्या रीतीने भिजतो. दिवसभर एसीत गार झालेला, संध्याकाळी बॅगेत घालून जुलैच्या हवेत बाहेर काढायचा. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम बोर्डाला सुटतो. पंख्याने ओढून घेतलेली धूळ ती ओल धरून ठेवते. त्यात बहुतेक जण लॅपटॉप बंद करत नाहीत, झाकण मिटतात. झोपलेल्या लॅपटॉपमध्ये मेमरीला वीज चालूच असते, नाहीतर उघडलेलं काम तिला आठवणार नाही. ओल आणि वीज एकत्र आली की तांबं खाल्लं जातं. त्या मुलीच्या बोर्डावर गंज नेमका मेमरीपाशी का होता, याचं माझं उत्तर हे आहे. असं चार महिने, दर पावसाळ्यात, वर ठाण्याच्या खाडीची हवा.

तरीही या जातीचे लॅपटॉप मला मनापासून आवडतात. आयबीएमने १९९२ साली थिंकपॅड ७००सी आणला, २००५ मध्ये तो व्यवसाय लेनोवोकडे गेला, २०१२ मध्ये एक्स१ कार्बन आला. कार्बन फायबरचं झाकण, वजन १.३६ किलो. १९९६ पासूनचे पॅनासॉनिकचे टफबुक खरे रांगडे, पण ते खांद्यावर घेऊन रोज लोकलमध्ये चढणं कुणालाच नको असतं. एक्स१, लॅटिट्यूड, एलिटबुक यांनी मधली वाट काढली. पंधरा वर्षं टायपिंग करणारे यांच्या कीबोर्डवर बोटं ठेवताच फरक ओळखतात. अशा मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल कुणालाही वाचता येतं. कुठला स्क्रू आधी काढायचा हे त्यात चित्रासह असतं. घरगुती स्वस्त लॅपटॉपची बिजागरी प्लॅस्टिकसकट उखडून आलेली मी आठवड्याला पाहतो, यांची क्वचितच.

कमजोरी पातळपणातच आहे. मेमरी बोर्डावर पक्की बसवलेली असते, एक्स१ कार्बनमध्ये तर पहिल्या दिवसापासून. यामागे नुसता लोभ नाही. कमी वीज खाणाऱ्या मेमरीला प्रोसेसरच्या अगदी जवळ राहावं लागतं. पण एक चिप गेली की सगळा बोर्ड गेला. बोर्ड बदलावा लागेल म्हटलं की समोरच्याला मी लुटतोय असं वाटतं. त्या मुलीची चिप काढून दुसरी बसवायचा मी प्रयत्न केला. चिपच्या पोटाखाली टाचणीच्या टोकाएवढे शे-दोनशे सोल्डरचे गोळे असतात. गंजाने खालचे पॅड सुटले होते, हॉट एअर लावताच ते चिपबरोबर वर आले. २०२४ मध्ये थिंकपॅड पी१मध्ये तशीच कमी वीज खाणारी, पण स्क्रूने बसणारी आणि बदलता येणारी मेमरी आली. करायचं म्हटलं तर होतं.

तिचा एसएसडी सुटा होता आणि तो उघडणारी बिटलॉकर या कुलूपबंदीची की तिने वहीत लिहून ठेवली होती, म्हणून काम वाचलं. जुना बोर्ड मिळवून मी माझ्या खर्चाने बसवला. वर्षापूर्वी पाच स्क्रू काढले असते तर ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) भागलं असतं का? बहुतेक भागलं असतं.

तेव्हा हा लॅपटॉप जरूर घ्या. मेमरी पुढे वाढणार नाही हे धरून आजच जास्तीची घ्या. पावसाळ्यात घरी निघताना शट डाऊन करा. दिवाळीनंतर एकदा तळ उघडून साफ करून घ्या. आणि दुकानदार ‘याला काही होत नाही’ म्हणाला, तर त्याला आधी झाकण उघडायला सांगा.