उजव्या हाताला नर्मदा

रावेरखेडी, मार्गशीर्ष

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ओंकारेश्वरला संकल्प सोडला, कुमारिकांना जेवू घातलं, नर्मदेचं पाणी छोट्या बाटलीत भरून घेतलं आणि आम्ही चौघं चालायला लागलो. परिक्रमा पुरी होईपर्यंत मैया उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. नदी १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठांचा हिशेब तूच कर.

निघताना तू विचारलंस, 'रोज जेवणार कुठे आणि निजणार कुठे?' मला माहीत नाही, आणि ते माहीत नसतानाच निघायचं असतं. दिवस मावळला की थांबायचं. काही मागायचं नाही. कुणी हाक मारली तर जायचं, दिलं तर घ्यायचं. गावात शिरलो की एखाद्या ओट्यावरून आवाज येतो, 'नर्मदे हर! कितनी मूर्ती?' चार म्हटलं की चौघांची आसनं लागतात. कुठे वाढलेलं ताट मिळतं, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तेल घेऊन आपण रांधायचं.

चालणं त्यामानाने सोपं. भूक लागलेली असताना दारावरून न मागता पुढे जाणं अवघड. उद्याची तजवीज आज करायची हे बाबांनी शिकवलं, आणि चांगलंच शिकवलं. पण त्या तजविजीत देवाने करावं असं मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

आज मी बाजीराव पेशव्यांच्या समाधीपाशी बसले होते. ते २८ एप्रिल १७४० रोजी, चाळिशीही न गाठता, इथेच छावणीत तापाने गेले. सगळं आयुष्य घोड्यावर गेलेल्या माणसाच्या समाधीशेजारी बसल्यावर आपल्या झोळीचं ओझं फार वाटत नाही.


बोकराटा, पौष

ती. आईस शि. सा. न.

शूलपाणीच्या झाडीची तुला धास्ती होती. पूर्वी इथे भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, अंगावर लंगोटीपुरतं ठेवत, आणि 'मैयानेच घेतलं' म्हणून लोक तसेच पुढे चालत. ती जुनी वाट आता बरीचशी सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा पूर्ण भरलं, तेव्हा काठची घरं, शेतं, देवळं बुडाली. म्हणून आम्ही नदीपासून लांब, डोंगरातून चाललो आहोत.

काल एका बारेला आदिवासी बाईने हाक मारली. कुडाचं घर, चुलीवर मक्याच्या भाकरी, उडदाची डाळ. तिची बोली आम्हाला कळेना, आमची हिंदी तिला जेमतेम. पिठाचा डबा तळाला गेलेला मी पाहिला. तिच्या माहेरचं शेत धरणात गेलं, हे तिच्या मुलाने सांगितलं. ज्या मैयाला ती हात जोडते, तिच्याच पाण्यात.

आई, 'देवावर भरवसा ठेव' असं तिला सांगायला माझी जीभ रेटली नसती. देव सांभाळेल म्हणजे वाईट घडणार नाही, असा अर्थ लावला तर तिच्यापाशी भरवसा उरायलाच नको होता. पण तो होता, आणि आमच्यापेक्षा जास्त होता. आम्ही घर सोडून निघालो तर गावाने हार घातले. तिने अनोळखी चौघांना रात्री आत घेतलं, स्वतःची गोधडी दिली, ते कुणी पाहिलंही नाही. घराबाहेर पडण्यापेक्षा दार उघडण्याला अधिक श्रद्धा लागते, असं मला आता ठामपणे वाटतं. असं दार उघडणारं कुणी नसतं तर परिक्रमा दोन दिवसही चालली नसती.


मिठी तलाई, माघ

ती. आईस शि. सा. न.

समुद्र ओलांडला. पात्र ओलांडायचं नाही, म्हणून नदी जिथे खंबातच्या आखातात मिळते तिथे विमलेश्वरहून नावेने उत्तर तटावर यायचं. नाव भरतीवर सुटते. मुहूर्त चंद्र ठरवतो. मध्यरात्री चिखल तुडवत गेलो, उघड्या नावेत दाटीवाटीने बसलो. मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. पाणी आत उडायला लागलं तेव्हा भीती वाटली, आणि ती भीती मैयाला सांगता आली. नावाड्याचं लक्ष मात्र एकदाही वाटेवरून हललं नाही. त्या रात्री मैयाने आम्हाला त्याच्याच हाती सोपवलं होतं.

आता तोंड पूर्वेला. भरूच, मग गरुडेश्वरी टेंबेस्वामींची समाधी.

तुझा निरोप फोनवर मिळाला. दिंडीवाले आत्ताच विचारताहेत की यंदा पालखी पुण्यात असताना आपल्याकडे उतरता येईल का, आणि घरात तू एकटी. बाबा असताना जमत होतं, आता अनोळखी माणसं घरात कशी घेऊ, हे तुझं म्हणणं खोटं नाही. तरी हो म्हण. वरच्या दोन्ही खोल्या उघड. मी तेव्हा वाटेतच असेन. पिठलंभाताचा अंदाज वहिनीला बरोबर येतो, तिला दोन दिवस आधी बोलावून घे.

तुझी लेक