चेंडू कांहीं पळून जात नाहीं

गुरु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वर्गांतील फळा आणि खडू उभा राहतो. परंतु विद्या कांहीं शाळेच्या चार भिंतींतच राहते असें नाहीं. सुतार, कुंभार, नावाडी हेहि आपापल्या विद्येचे गुरुच होत. मला असे एक गुरु पुण्याजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर लाभले. त्यांच्यापाशीं मी जें शिकलों, तें माझ्या बालमित्रांस आणि त्यांच्या पालकांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

हा खेळ दिसावयास अगदीं सोपा. सुमारें ४६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे जुन्या मापानें चार तोळ्यांचा एक चेंडू काठीनें मारीत मारीत दूरवरच्या सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यांत घालावयाचा. चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. क्रिकेटप्रमाणें तो कोणी अंगावर फेंकीत नाहीं. परंतु गंमत ही, कीं नवशिका जितका अधिक जोर करतो, तितका चेंडू भलतीकडे जातो.

गुरुजी एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. लहानपणीं ते खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहण्याचें, म्हणजे कॅडीचें काम करीत. दुसऱ्यांचा खेळ पाहून पाहून ते स्वतः खेळूं लागले आणि पुढें व्यावसायिक खेळाडू झाले. पहिले कित्येक दिवस त्यांनीं मला चेंडू दिलाच नाहीं. नुसती काठी धरावयास शिकविलें. "गर्दींत लहान मुलाचें बोट धरतां ना? तें सुटूं नये आणि त्याला दुखूंहि नये. तशी धरा," असें ते सांगत. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी व मधल्या बोटामधील खांचेवर ठेवावयाची ही पकड हॅरी व्हार्डन या विख्यात खेळाडूच्या नांवानें जगभर ओळखली जाते.

त्यानंतर काठी फिरविण्याचा, म्हणजे स्विंगचा, पाठ आला. त्यांतील मर्म त्यांनीं गोफणीवरून समजाविलें. शेतांत माळ्यावर उभा राहून पाखरें उडविणारा राखणदार नुसत्या मनगटाच्या बळावर धोंडा फेंकीत नाहीं. त्याचें सारें अंग फिरतें आणि नेमक्या क्षणीं दोरीचें एक टोंक सुटलें कीं धोंडा दूर जातो. काठीचेंहि तसेंच. पाठ लक्ष्याकडे होईपर्यंत खांदे सुमारें ९० अंशांत वळवावयाचे, कंबर त्याच्या निम्मी. आणि काठी खालीं आणतांना आरंभ हातांनीं न करतां पायांनीं व कमरेनें करावयाचा. बाहू आणि मनगटें मागाहून येतात, आणि काठीचें टोंक सर्वांच्या शेवटीं, परंतु सर्वांहून अधिक वेगानें येतें. चेंडू उंच जावा म्हणून त्यास खालून उचलण्याचा मोह प्रत्येक नवशिक्यास होतो. वास्तविक ती सोय काठी घडविणाऱ्यानेंच तिच्या तोंडास तिरकेपणा देऊन केलेली असते. आपण लोखंडी काठी निमूटपणें खालीं आणावी; वर जाणें हें चेंडूचें काम.

या मैदानावर खेळावयास येणारे पुष्कळ लोक मोठ्या हुद्द्याचे. गुरुजींनीं पन्नाशी ओलांडलेली. तरी कित्येक जण त्यांस "अरे, इकडे ये" अशी हांक मारीत, कारण एके काळीं त्यांनीं त्यांची पिशवी वाहिली होती. गुरुजी हंसून "जी साहेब" म्हणत. मीं पहिल्याच दिवशीं त्यांस "गुरुजी" म्हटलें, तेव्हां ते संकोचले आणि मलाहि "साहेब"च म्हणत राहिले. पुढें एके सकाळीं पाठ रंगांत आला असतां ते एकदम म्हणाले, "घाई कशाला? चेंडू कांहीं पळून जात नाहीं. पुन्हां फिरवा!" त्या बोलण्यांत "साहेब" नव्हतें. आपण आज खरे शिष्य झालों, असें मला वाटलें. ज्यांना त्यांचें सांगणें कमीपणाचें वाटे, ते दर वर्षीं नव्या, महागड्या काठ्या आणीत. त्यांचा स्विंग मात्र होता तसाच राही.

पिशवी वाहणाऱ्या मुलांचें या खेळावर मोठें ऋण आहे. १८७० सालीं जर्सी बेटांत जन्मलेल्या व्हार्डननेंहि बाळपणीं हेंच काम केलें होतें. पुढें १८९६ ते १९१४ या काळांत त्यानें ब्रिटिश ओपन स्पर्धा ६ वेळां जिंकली, आणि तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं. १९१३ सालीं अमेरिकेंत ब्रुकलाइन येथें त्याच व्हार्डनला हरविणारा २० वर्षांचा फ्रान्सिस वीमेट हाहि एके काळचा कॅडीच. आपल्या देशांत दिल्लीचे अली शेर कॅडीचें काम करतां करतां खेळ शिकले आणि १९९१ सालीं त्यांनीं इंडियन ओपन जिंकली.

बालमित्रहो, तुमच्यापैकीं फारच थोडे गोल्फ खेळतील. परंतु पोहावयास शिकविणारा, तबल्यावर बोटें बसवून देणारा, सायकल दुरुस्त करून दाखविणारा असा कोणी ना कोणी तुम्हांस भेटेलच. त्याच्या कपड्यांकडे वा हुद्द्याकडे न पाहतां त्यास "अहो" म्हणा आणि तो सांगेल तें दहा वेळां करा. गुरुजींनीं मला काठी सैल धरावयास शिकविली. मनाचा ताठा सैल झाल्यावांचून तोहि पाठ येत नाहीं, हें त्यांनीं न बोलतांच शिकविलें.