साइन ऑफ

भुसावळ, रविवार

चि. ताईस,

परवा रात्री फोनवर बोलता बोलता तू झोपलीस. आईला वाटलं, रेंज गेली. मला तुझा श्वास ऐकू येत होता, म्हणून बराच वेळ मी फोन ठेवला नाही. त्याआधी तू सांगितलंस ते काही डोक्यातून जात नाही. ड्यूटीच्या 34व्या तासाला एकाच पेशंटच्या कागदावर एकच इंजेक्शन तू दोनदा लिहिलंस. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

रेल्वेच्या लॉबीत साइन ऑन करताना, म्हणजे ड्यूटीवर चढताना, आम्हा ड्रायव्हरांना मशीनमध्ये फुंकर मारावी लागायची. प्यायलेल्या ड्रायव्हरला इंजिन मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी 1997 साली दाखवलं, की 17 तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोकं, रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखे चालतात. आपल्याकडे रस्त्यावरची मर्यादा 0.03 आहे. म्हणजे निम्मी ड्यूटी झाली तेव्हाच पोलिसानं तुला स्कूटीवरून उतरवलं असतं. वॉर्डातून मात्र कोणी हलवलं नाही.

तुझे आजोबा वाफेच्या इंजिनावर होते. घरातून निघाले की परत कधी येतील, हे आजीला माहीत नसायचं. 1973 साली देशभरातल्या लोको रनिंगवाल्यांनी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्यांनी, काम थांबवलं, तेव्हा कुठे रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी ड्यूटीला 10 तासांची मर्यादा कबूल केली. मी लागलो तोवर तासांचा हिशेब वहीत होता. साइन ऑन किती वाजता, साइन ऑफ किती वाजता. नियम मोडला तरी तो मोडलेला दिसायचा.

तुमच्याकडे, निवासी डॉक्टरांसाठी, नियम नाही असं थोडंच आहे! 1992च्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तास लिहिलेत. 2024 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला 74 तासांपर्यंतची शिफारस केली. 32 वर्षांत आकडा खाली यायचा तर वरच चढला. खोटं कशाला बोलू, हे वाचून मला हसूच आलं.

2017च्या मार्चमध्ये धुळ्यात पेशंटच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला मारलं, डोळ्याला जबर इजा झाली. तू तेव्हा तिथेच शिकत होतीस, आणि आम्ही इथे टीव्हीसमोर. मग राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले, दवाखान्यांत सुरक्षारक्षक द्यायचं ठरलं. ते हवेच होते. पण दाराशी रक्षक उभा केला, म्हणून आतल्या डॉक्टरची झोप भरून निघत नाही.

तुझे सर म्हणतात, आम्हीही असंच केलं, त्याशिवाय हात बसत नाही. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. घाटाचा रस्ता आम्हीही जुन्या ड्रायव्हरशेजारी उभं राहूनच शिकलो, पण जागे राहून शिकलो. पाळी बदलली की पेशंटची माहिती हातातून सुटते, हेही ते म्हणतात. आम्ही रिलीफवाल्याला, म्हणजे पुढच्या पाळीच्या ड्रायव्हरला, इंजिनाची सगळी कुरकुर लॉगबुकात लिहून द्यायचो. खरी अडचण वेगळी आहे, रिलीफला माणूसच नाही. तो नेमायचा म्हणजे पैसे लागतात, आणि तुझी झोप फुकट मिळते.

एक कर. छोटी वही घे. कधी आत गेलीस, कधी बाहेर आलीस, रोज लिही. कोणाला दाखवू नकोस अजून. तुमच्यातल्या चौघांनी लिहिली तर नंतर बघू.

शनिवारी शेजारच्यांचा मुलगा तिकडे येतोय. त्याच्यासोबत भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवतो. डबा मिळाला की लगेच फोन करू नकोस. जेव, झोप, मग कर.

तुझे
पप्पा