एक रिकामा रकाना

स्थळ : अलिबागचा समुद्रकिनारा. वेळ : पहाटे पावणेसहा. पात्रे : झोपेतून ओढून आणलेले सोळा खेळाडू, हवा कमी असलेले दोन फुटबॉल, एक शिट्टी आणि आमचा ‘कोचिंग स्टाफ’.

मित्रांनो, ‘कोचिंग स्टाफ’ हा शब्द वाचून तुमच्या डोळ्यांसमोर ट्रॅकसूट घातलेली, हातात स्टॉपवॉच धरलेली माणसं आली असतील तर ती आधी पुसून टाका. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला शिकवणारी माणसं तीन. एक व्हॉलीबॉलवाले सर, एक सिव्हिलच्या मॅडम आणि एक वर्कशॉपमधले मामा. तिघांपैकी एकाच्याही अपॉइंटमेंट लेटरवर ‘फुटबॉल’ हा शब्द नाही.

मुंबईकर अलिबागला येतात ते समुद्रासाठी. शास्त्रज्ञ आले ते चुंबकीय वेधशाळेसाठी. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हणून १९०४ साली ही वेधशाळा इथे सुरू झाली, कारण ट्रामच्या विजेने कुलाब्याची उपकरणं बिघडली असती. आणि आम्ही आलो ते कॅप राउंडमुळे! फुटबॉलसाठी अलिबागला आलोय असं म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. हा जिल्हा कबड्डीचा. गावागणिक संघ, गावागणिक मैदान. त्यात आम्ही फुटबॉल घेऊन उभे राहिलो की मेसमधले काकासुद्धा विचारायचे, “हात लावायचा नाय तर मग मजा काय?”

आता एकेकाची ओळख करून देतो.

सर म्हणजे आपले पी.टी.चे सर. क्रिकेट, कॅरम, बुद्धिबळ, रस्सीखेच, गॅदरिंगचा मंडप, सगळं त्यांच्याच गळ्यात. स्वतः व्हॉलीबॉलचे खेळाडू. पहिल्याच दिवशी त्यांनी सरळ सांगितलं, “मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. पण तुमचा दम वाढवणं मला जमेल, आणि परवानगीची पत्रं मी लिहीन.” दोन्ही शब्द त्यांनी पाळले. दमाचं तर विचारूच नका. पहिल्या आठवड्यात किनाऱ्यावर धावून आमच्यापैकी चौघं हॉस्टेलचे जिने बसून चढत होते.

मॅडम मूळच्या मडगावकडच्या. आम्हांला त्या अप्लाइड मेकॅनिक्स शिकवायच्या आणि फोर्सचे बाण काढता काढता त्यांचे बाण कधी ४-४-२ कडे वळायचे ते कळायचं नाही. गोव्यातल्या घरात फुटबॉल हा स्वयंपाकघरातसुद्धा चालणारा विषय असतो, असं त्या म्हणायच्या. मी गोलकीपर म्हणून मला त्यांनी ब्रह्मानंद शंखवाळकरांबद्दल सांगितलं. गोव्याचे गोलकीपर, भारताचे कर्णधार झाले, १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मी हे नाव आधी ऐकलंच नव्हतं. कोल्हापूरचा आमचा रूममेट मात्र लगेच फुशारला, कारण त्याच्या गावात पेठेपेठेतल्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्या दिवसापासून गोवा विरुद्ध कोल्हापूर हा सामना आमच्या लेक्चरमध्ये कायमचा सुरू झाला.

राहिले मामा. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. पहिल्या वर्षी फिटिंगच्या जॉबला फाइल कशी धरायची ते ज्यांनी दाखवलं, आणि जॉब साइझला नाही आला तर व्हायवाच्या आदल्या दिवशी ज्यांच्यासमोर आपण हात जोडले, तेच मामा. तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेले, कोपरा सांभाळणारे. डाव्या गुडघ्यावर अजून खूण आहे. टीमशी त्यांचा संबंध कसा आला? तर गोलपोस्ट तुटला म्हणून वेल्डिंगला नेला होता. मामांनी वेल्डिंग केलं, पोस्ट पोचवायला मैदानावर आले आणि आमचा खेळ बघत उभे राहिले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, “पोरा, तू त्याच्या तोंडाकडं बघतंस. तोंड खोटं बोलतं. कमरंकडं बघ. कंबर जिकडं वळंल तिकडं मानूस जानार.”

चढाई करणाऱ्याला पकडायचं असेल तर डोळ्यांत बघायचं नाही, हा त्यांचा कबड्डीचा नियम. मी तो स्ट्रायकरवर वापरून पाहिला आणि त्या संध्याकाळी तीन बॉल अडवले. दुसऱ्या दिवशी मामांना मीच बोलावून आणलं. मग त्यांनी आमच्या बॅक लाइनला साखळी शिकवली. कबड्डीत दोन गडी हात धरून उभे राहतात, एक सरकला की दुसरा सरकतो. मामांनी आमच्या चारही बॅकना खरोखर हात धरून आठवडाभर पळवलं. टुरिस्ट हसायचे, घोडागाडीवाले शिट्ट्या मारायचे. पण आठवड्यानंतर हात सोडले तरी चौघं एका रेषेत राहायला लागले. मॅडम म्हणाल्या, “ऑफसाइड ट्रॅप शिकवायला मला एक सेमिस्टर लागलं असतं!”

भरती-ओहोटीचं गणितही मामांचंच. कॉलेजचं मैदान डिसेंबरात क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात, म्हणून आम्ही किनाऱ्यावर. पण किनारा रोज एकाच वेळेला मोकळा नसतो. मामांचा हिशोब असा : तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा मिळवले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी पाणी लांब जातं, ओली काळसर वाळू टणक होते आणि कुलाबा किल्ल्याकडे लोक चालत जातात. अष्टमीच्या आसपास मात्र आपल्या दोन्ही प्रॅक्टिसच्या वेळी भरती. तेव्हा डोंगराकडच्या रस्त्यावर पळायचं.

मी इंजिनिअर ना! मी वहीत मांडून दाखवलं की पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं, तुमच्या पाऊण तासाने ४५ होतात. मामा म्हणाले, “तीन मिन्टांत तू गोल खानार काय?” मी म्हटलं, पण पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक होते. तर शांतपणे म्हणाले, “म्हनूनच एकादशीपासनं थोडं पुढं धरायचं.” म्हणजे करेक्शन फॅक्टरसुद्धा होता, फक्त वहीत नव्हता.

एकदा वाळूवर बसून पोहे खाताना मॅडमनी सय्यद अब्दुल रहीम यांची गोष्ट सांगितली. २०२४ साली ‘मैदान’ सिनेमा आला तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. हैदराबादचे शाळामास्तर. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्यांच्या हैदराबाद पोलीस टीमने मुंबईला येऊन रोव्हर्स कप नेला. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक, मध्ये १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. जाकार्ताच्या १९६२ च्या फायनलला कोरियाविरुद्ध २-१ ने जिंकलो तेव्हा त्यांना कॅन्सर होता, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. सर बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, “शाळामास्तर होते म्हणता?” एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सर फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक घेऊन आले, पेन्सिलीने खुणा केलेलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. इतका वेळ टाळत होतो हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मागच्या वर्षी मी क्रीडा प्रतिनिधी होतो. इंटर-कॉलेजचा प्रवेश फॉर्म भरायचं काम माझं. खेळाडूंच्या यादीखाली तीन रकाने होते : संघ व्यवस्थापक, प्रशिक्षक, सहाय्यक प्रशिक्षक. पहिल्यात सरांचं नाव लिहिलं, दुसऱ्यात मॅडमचं. तिसऱ्यात नावापुढे ‘पद’ लिहायचं होतं. मी पेन हातात धरून थांबलो. ‘वर्कशॉप असिस्टंट’ असं लिहिलं तर समोरचे काय म्हणतील? त्यांच्याकडे लायसन्सवाले कोच, आणि आमच्याकडे फाइल घासायला शिकवणारे मामा? खरं सांगतो, मला लाज वाटली. मी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. सर घाईत होते, त्यांनी सही केली.

मॅचला मामा रजा टाकून आले. स्वतःचं तिकीट काढून, आमच्याबरोबर एस.टी.ने, कार्लेखिंड-पोयनाड-वडखळ करत. मैदानावर गेल्यावर कळलं की यादीत नाव असेल त्यालाच दोरीच्या आत बसता येईल. मामा काही बोलले नाहीत. पाण्याच्या बाटल्या आत दिल्या आणि दोरीच्या बाहेर उभे राहिले.

मॅच १-१. टायब्रेकर. सगळे गोल करून उभे होतो तेव्हा मामा दोरीखालून वाकून आत आले, माझ्याकडे बोट करत. एक व्हॉलंटिअर धावत आला, आमच्याच वयाचा असेल. म्हणाला, “काका, यादीत नाव आहे का?” मामांनी माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की हे आमचे कोच आहेत. एक वाक्य. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी बांधलेलीच होती.

मामा परत दोरीच्या बाहेर गेले.

टायब्रेकर आम्ही ४-३ ने हरलो. एक बॉल माझ्या बोटांना लागून आत गेला. परतीच्या प्रवासात मॅडमनी समजूत घातली की १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी दवडल्या होत्या आणि २-१ ने मॅच गेली, तेव्हा तुम्ही थोर परंपरेतले आहात! सगळे हसले. मी नाही हसू शकलो. वडखळला गाडी थांबली तेव्हा मामांनी सगळ्यांना वडापाव घेतले. मी त्यांना विचारलं, “मामा, तुम्ही काय सांगायला आला होतात?”

म्हणाले, “काय नाय रं. तुज्या ग्लोव्हजची पट्टी सुटलेली.”

पट्टीमुळे गोल झाला असं मी म्हणत नाही. कदाचित तो बॉल तसाही गेला असता. पण दोरीबाहेरून तेवढ्या गडबडीत माझ्या मनगटाकडे बघणारा एकच माणूस तिथे होता, आणि त्यालाच मी ओळख दाखवली नाही.

मागच्या अंकात टीमचा फोटो छापला होता, आठवतो? ‘डावीकडून उभे... खुर्चीवर बसलेले...’ त्या फोटोत मामा नाहीत. नीट बघितलंत तर उजव्या कोपऱ्यात बॉलच्या पिशवीला धरलेला एक हात दिसेल. तो त्यांचा.

सुट्टीनंतर परत आलो तेव्हा अमावास्या होती, पाणी लांब गेलेलं. प्रॅक्टिस संपल्यावर मामांना सगळं सांगितलं : रकाना, रेघ, नाडी. वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते किल्ल्याकडे बघत म्हणाले, “तवाच समजलं मला. यादी बनवनारा तूच व्हतास.” मग थोड्या वेळाने, “कबड्डीत गडी बाद झाला का भाईर बसतो. आपल्यातल्या कोनी पॉईंट आनला का परत आत येतो. त्यात रडायचं काय?”

मी विचारलं, “आणि कोणी पॉईंट आणलाच नाही तर?”

“मंग बसून ऱ्हायाचं,” मामा म्हणाले आणि बॉल गोळा करायला गेले.

यंदाचा फॉर्म भरायचं काम माझं नाही, पण मी ज्युनिअरच्या शेजारी जाऊन बसलो. तिसऱ्या रकान्यात मामांचं पूर्ण नाव, पुढे पद : वर्कशॉप असिस्टंट. सही करताना सरांनी तो रकाना वाचला, पेन थांबवलं आणि म्हणाले, “मागच्या वर्षी मीच बघायला हवं होतं.” या अंकातल्या टीमच्या फोटोत मामा खुर्चीवर बसलेले आहेत, सर आणि मॅडमच्या मध्ये. खाली नाव छापलं आहे, ते तिथे वाचा. इथे मी मामाच म्हणतो, सवय झाली आहे. खुर्चीवर बसायला ते तयार नव्हते, त्यावर मॅडम म्हणाल्या, “मग मीही उभी राहते.” तेव्हा बसले.

यंदाची मॅच अजून व्हायची आहे. जिंकू की हरू माहीत नाही. मी सातव्या सेमिस्टरला आहे, एक केटी शिल्लक आहे, गोलमध्ये आता दुसरा मुलगा उभा राहतो. प्रॅक्टिस सुरू होण्याआधी त्याच्या ग्लोव्हजची पट्टी मी ओढून बघतो.

ज्या ज्युनिअरांना टीममध्ये यायचं आहे त्यांनी द्वादशीपासून प्रतिपदेपर्यंत संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावर यावं. बूट नसले तरी चालतील. बाकीच्या दिवसांची वेळ मामांना विचारा, वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या बाकाशी असतात.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी