प्रवाळाशिवायचा समुद्र

वर्ध्यात काय काय आहे असं कुणी विचारलं तर सेवाग्राम, पवनार, धाम नदी, बोरचं जंगल अशी नावं पटापट सांगता येतात. समुद्र मात्र नाही. रेल्वेत एक अख्खी रात्र काढल्याशिवाय तो दिसत नाही. तरीही गेली सहा वर्षं आमच्या हॉलमध्ये समुद्राचा एक तुकडा आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. ठाण्याच्या मामांची बदली झाली तेव्हा त्यांनी तो आम्हाला दिला, आणि सोबत माशांचं कुटुंबही दिलं : दोन क्लाऊन, तीन डॅमसेल आणि एक पिकासो ट्रिगर. हा ट्रिगर म्हणजे टँकमधला दादा. कुणी जवळ आलं की काचेशी येऊन बघणार, आवडलं नाही तर दगड ढकलणार. आजीने त्याचं नाव ‘पाटील’ ठेवलंय.

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास. त्यामुळे शुद्धलेखनाचं श्रेय संपादक मंडळाचं!

तर मित्रांनो, समुद्री टँक दोन प्रकारचे. एकात फक्त मासे असतात. दुसरा रीफ टँक, म्हणजे माशांसोबत जिवंत प्रवाळ, कोळंबी, शंख, शेवाळ, सगळा गाव. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं हे माझं बारावीपासूनचं स्वप्न. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं आणि नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. त्यानंतर आम्ही सहकुटुंब ते बघायला गेलो होतो. तेव्हापासून डोक्यात रंग घुसले ते घुसलेच. थर्ड इयरच्या सुट्टीत बाबांना म्हटलं, “बाबा, तुम्ही फक्त परवानगी द्या, बाकी मी बघते.” बाबा म्हणाले, “आधी हिशोब कागदावर आण.” सिव्हिलच्या मुलीला एस्टिमेट काढायला सांगणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हिशोबाला बसले. दगड-वाळू वगळता टँकमध्ये पाणी साधारण २८० लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे एका भरणीला जवळपास १० किलो मीठ. तेही स्वयंपाकाचं नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं प्रमाणात असलेलं खास मीठ लागतं. पिशवी घरी आली तेव्हा आजी म्हणाली, “एवढं मीठ कायले आणलं बाप्पा? लोणचं घालाचं हाय का?” मिठासाठी दांडीपर्यंत चालत गेलेला माणूस पुढे आपल्या सेवाग्रामला राहिला. त्या गावाजवळ मी मीठ बाहेरून मागवत होते, हा विनोद मला तेव्हाच सुचला होता.

माशांना जे चालतं ते प्रवाळांना चालत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट ४०–५० पीपीएम झालं तरी मासे तग धरतात, पण रीफमध्ये ते १० च्या आत ठेवायचं. कॅल्शियम ४०० च्या वर हवं. आणि तापमान २५–२७ अंश! मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या घरात जातो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

पण इथेच एक गंमत कळली. मुंबईत हा छंद करणाऱ्यांना चिलर घ्यावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाण्यावर नुसता टेबल फॅन सोडला तरी तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, कारण हवा कोरडी आहे. हिशोब सरळ आहे : १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. ती उष्णता टँकमधून गेली तर २८० लिटर पाणी अंदाजे २ अंशांनी थंड होतं. आपला वाळ्याचा कूलर हेच तर करतो. पावसाळ्यात मात्र हवा दमट झाली की फॅन आणि कूलर दोघेही हात टेकतात. उडालं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची. आजी पहिल्यांदा बघून म्हणाली, “मीठ नाई टाकत का त्याच्यात?” तिला समजावलं तर म्हणाली, “म्हणजे वरणासारखंच नं. आटलं का पानी टाकाचं, मीठ नाई टाकाचं.” माझ्या तीन पानांच्या नोट्स तिने एका वाक्यात संपवल्या.

एस्टिमेट तयार झालं, बाबांनी मान डोलावली. आता प्रवाळ आणायचे. एका शहरातल्या विक्रेत्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, “मिळून जाईल मॅडम, बिल मात्र मिळणार नाही.” बिल का नाही मिळणार? हा प्रश्न बाबांना पडला आणि उत्तर शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

उत्तर वन्यजीव संरक्षण कायद्यात निघालं. कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ घातले गेले, सोबत काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही त्यांचं संरक्षण कायम आहे. पहिली अनुसूची म्हणजे जिथे वाघ आहे ती! २०१४ मध्ये आपलं बोर व्याघ्र प्रकल्प झालं. त्या बोरच्या वाघाला कायद्याने जी जागा दिली, तीच मालवणच्या पाण्यातल्या बोटभर प्रवाळाला दिली. वाघाचं पिल्लू बिलाशिवाय मिळतंय म्हणून कुणी हॉलमध्ये आणेल का?

खरं सांगू, पहिल्यांदा मला रागच आला. माझ्यासारख्या एका मुलीने एक तुकडा जपून वाढवला तर समुद्राचं काय बिघडणार? परदेशात लोक प्रवाळाचे तुकडे करून घरी वाढवतात, एकमेकांना देतात. मग आपल्याकडेच का नाही? दोन रात्री वाचत बसले. प्रवाळ म्हणजे दगडही नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि ऊन खाऊन त्याला अन्न पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की हे भाडेकरू निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं सामूहिक ब्लीचिंग जाहीर केलं. महाराष्ट्राच्या वाट्याला प्रवाळ आहेतच किती? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी, जिथे १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य झालं. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक. एवढ्या थोड्या शिल्लक ठेवीतून ‘फक्त एक तुकडा’ म्हणणारी मी एकटी नसणार. प्रत्येक टँकवाला तेच म्हणणार. आणि बिल नसलेला तुकडा फार्ममधला की समुद्रातून तोडलेला, हे मला वर्ध्यात बसून कसं कळणार?

विक्रेत्याला नाही म्हणून कळवलं. पण मामला इथेच संपला नाही. प्रवाळ नसले तरी कोळंबी, शंख, शेवाळ यांचा गाव वसवता आला असता. अडचण एकच : पाटील. ट्रिगर माशाचे दात कवचं फोडण्यासाठीच असतात. कोळंबी त्याच्यासाठी शेजारी नाही, जेवण आहे. सगळे म्हणाले, ट्रिगर देऊन टाक, गिऱ्हाईक लगेच मिळेल. मीही त्या विचारात होते. आजीच्या कानावर गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “सहा वर्सं घरात हाय थो. पाहुने येनार म्हून घरच्याले काढतेत का कोनी?”

यावर माझ्याकडे इंजिनिअरिंगचं उत्तर नव्हतं, पण इंजिनिअरिंगचा उपाय होता. टँकच्या खाली स्टँडमध्ये दुसरी लहान टाकी बसवली. वरचं पाणी पाइपने खाली येतं आणि पंपाने परत वर जातं. पाणी एक, घरं दोन. वर पाटील आणि मंडळी, खाली शेवाळ, कोळंबी, शंख. शेवाळ वाढताना नायट्रेट खातं. महिन्यातून एकदा मूठभर शेवाळ काढून टाकलं की तेवढी घाण घराबाहेर गेली.

रीफचा दगड मात्र मला हवाच होता, म्हणून तो मी ओतला. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ. दगड घट्ट झाल्यावर पाण्यात टाकला की मीठ विरघळतं आणि आत भोकं उरतात. लॅबमध्ये काँक्रीटमध्ये हनीकोंबिंग दिसलं तर सर ओरडतात. इथे तेच हवं होतं, कारण बॅक्टेरिया त्या भोकांतच राहतात. क्युरिंग २८ दिवसांत भागलं नाही. सिमेंटमधून चुना निघत राहतो आणि पाण्याचा पीएच १२ च्या आसपास जातो. पाणी बदलत बदलत तो ८.३ वर यायला दोन महिने लागले. अंगणातल्या टाक्यात सिमेंटचे धोंडे भिजत घातलेले बघून शेजारच्या काकू आईला काळजीने विचारून गेल्या, “पोरीचं बरं आहे नं?”

आज आमच्या टँकमध्ये प्रवाळ नाही. ५० वर असलेलं नायट्रेट १० वर आलंय. खालच्या टाकीतल्या कोळंब्या रात्री टॉर्च मारला की चमकतात. पाटलांनी माझे दोन दगड आपल्या पसंतीने हलवून घेतलेत.

जिवंत प्रवाळ बघायची इच्छा अजून आहे. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की आम्ही चौघी मालवणला जाणार आहोत. आजीपण यायचं म्हणते. तिच्या बोटात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी आहे. ते पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं असतं, असं मी तिला सांगितलं. ती अंगठी फिरवत म्हणाली, “मंग आपल्या समुद्रातलं पाहू. पाहाचं फक्त, हात नाई लावाचा.”

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी