काळी चार, काळी एक

ट्रान्स पुरुषाने टेस्टोस्टेरॉन सुरू केलं की साधारण पहिल्या काही महिन्यांतच आवाज फुटू लागतो. स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली उतरतो, आणि एकदा उतरला की औषध बंद केलं तरी पुन्हा वर चढत नाही. इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांचा आवाज मात्र त्या गोळ्यांनी बारीक होत नाही. त्यांना तो बहुधा सरावानेच घडवावा लागतो. मी गाणं शिकवते, म्हणून माझं लक्ष आधी गळ्याकडेच जातं.

माझा एक ट्रान्स विद्यार्थी काळी चारच्या उंच पट्टीत गायचा. मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र, रक्ताच्या तपासण्या, बीजं गोठवून ठेवायची का याचा विचार, हे सगळं उरकून पहिलं इंजेक्शन घेऊन तो शिकवणीला आला. "औषध तेलातलं असतं ताई, सावकाशच सोडतात," म्हणाला. मग म्हणाला, "आज यमन गाऊ या? हा आवाज आता जाणार." त्याचा तार षड्ज फार देखणा लागायचा. त्या दिवशीही लागला. "वाईट वाटतंय," तो म्हणाला, "पण थांबायचं नाहीये."

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपण सहज मान्य करत नाही. हळहळ दिसली की लोक लगेच म्हणतात, 'बघ, अजून विचार कर.' सासरी निघालेली मुलगी रडली म्हणून कुणी लग्न मोडत नाही.

ही वाट तशी नवी नाही. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं १९३५ साली. चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, इंग्लंडमध्ये ट्रान्स पुरुष मायकेल डिलन यांनी ते घ्यायला सुरुवात केली. पुढे ते डॉक्टर झाले. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचं गुपित उघड केलं तेव्हा ते भारतात आले, लडाखच्या रिझोंग मठात श्रामणेर झाले आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारले. या वाटेवर त्यांच्या आधी फारसं कुणी गेलेलं नव्हतं; सल्ला विचारणार तरी कुणाला?

आणि ज्याला आपण पुरुषांचं हार्मोन म्हणतो, ते परकं तरी कुठे आहे? स्त्रीच्या बीजकोशात इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन बनतं ते टेस्टोस्टेरॉनपासूनही. दोन्ही द्रव्यं सगळ्यांच्याच अंगात असतात, फरक प्रमाणाचा. मराठी कानांना तर हे नवं नसावं. बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकांवर आपण जीव ओवाळला, गंगूबाई हनगलांच्या भरदार आवाजापुढे हात जोडले.

माझ्या विद्यार्थ्याचे मधले महिने कठीण गेले. सूर लावायला जावं आणि गळा भलतीकडेच निसटावा. मी ताना बंद केल्या; मंद्रात, हलक्या आवाजात फक्त सरगम. घरी माझा तंबोरा बायकी मापाचा. काळी एकला उतरवला की तारा ढिल्या पडून नुसत्या घरघरतात. शेवटी मोठ्या भोपळ्याचा तंबोरा आणला.

पण खरी अडचण वर्गाबाहेर होती. फोनवर जो तो विचारी, "सर्दी झालीय का?" चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला की घरचे कौतुकाने हसतात, गुरुजी म्हणतात, थांब थोडं, बसेल. मोठ्या माणसाला ही सवलत कुणी देत नाही. त्याने एका रात्रीत पुरा बदलून यावं, नाहीतर बदलूच नये, अशी आपली अपेक्षा. शरीर मात्र कुणासाठीच घाई करत नाही. आवाज स्थिरावायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

आता तो काळी एकच्या खालच्या पट्टीत गातो. तो तार षड्ज गेला. मींड कुठून उचलायची, समेवर कसं यायचं, ही समज मात्र जिथल्या तिथे आहे. डॉक्टर औषध देतात. फुटक्या आवाजाने बोलायला लागणारे महिने सुसह्य करणं आपल्या हातात असतं, आणि ते आपण करायलाच हवं.